ढगांस पाझर फोडण्याची विद्या

असोदा म्हटलें कीं बहिणाबाई चौधरींचें माहेर आणि भरिताचीं वांगीं आठवतात. जळगांवाजवळचा हा गांव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मध्यें तापीच्या खोऱ्यांतील काळी जमीन. मृगांत कपाशी पेरली आणि पावसानें पाठ फिरविली, कीं येथील शेतकऱ्यापुढें दुबार पेरणीचें संकट उभें राहतें. वर ढग हिंडत असतात, खालीं ढेकूळहि भिजत नाहीं. विमानांतून फवारणी करून पाऊस पाडतात म्हणे; मग तो येथें कां पाडूं नये?

याचें उत्तर ढगाच्या पोटांत आहे. ढग म्हणजे वाफ नव्हे. ते पाण्याचे अतिसूक्ष्म कण होत. एक कण मिलिमीटरच्या सुमारें पन्नासाव्या भागाएवढा. असे दहा लक्ष कण एकत्र येतील तेव्हां पावसाचा एक टपोरा थेंब होतो. कण फार बारीक आणि एकसारखे असले तर ते एकमेकांस मिळत नाहींत. तरंगत राहतात आणि ढग तसाच विरून जातो. उष्ण ढगाच्या तळाशीं पाणी शोषणाऱ्या क्षाराची पूड सोडली, तर तिच्याभोंवतीं मोठे थेंब धरतात आणि ते वाटेंतील लहानांस गिळीत खालीं येतात. थंड ढगांची तऱ्हा निराळी. त्यांतील पाणी शून्य अंशाखालीं उतरूनहि गोठत नाहीं. त्यास आधार लागतो. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असल्यामुळें पाणी जणूं फसतें व त्याच्यावर बर्फ धरूं लागतो. दुधास विरजण लावावें तसाच हा प्रकार. दूध मात्र आधीं हवें!

१९४६ सालीं अमेरिकेंत व्हिन्सेंट शेफर यानें विमानांतून ढगांत सुका बर्फ टाकून पाहिला. त्याच वर्षीं बर्नार्ड व्हॉनेगट यानें सिल्व्हर आयोडाइडचा गुण ओळखला. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें १९७३ ते १९८६ या काळांत अकरा पावसाळे बारामतीच्या बाजूस मिठाची पूड वापरून प्रयोग केले व पाऊस सुमारें २४ टक्के वाढल्याचें नोंदविलें.

परंतु पाऊस पडला तो पुडीमुळें, कीं पडणारच होता म्हणून? एकाच ढगावर दोन्ही गोष्टी करून पाहतां येत नाहींत. खरी अडचण ही. म्हणून त्याच संस्थेनें सोलापुराकडे २०१८ व २०१९ सालीं २७६ ढग निवडले आणि कोणावर फवारणी करावयाची हें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरविलें. वाऱ्याच्या दिशेस सुमारें शंभर चौरस किलोमीटर टापूंत पाऊस सरासरी १८ टक्के अधिक भरला.

अठरा टक्के हे कांहीं थोडे नव्हेत. पण ते पडणाऱ्या पावसाचे. निरभ्र आकाशाचे अठरा टक्के शून्यच. महाराष्ट्र सरकारनें २००३, २०१५ व २०१९ सालीं टंचाईच्या दिवसांतच असे प्रयोग हातीं घेतले. गरज मोठी तेव्हांच जोगे ढग थोडे, आणि अशा ढगाचें आयुष्यहि पुष्कळदां तासाभराचेंच. रडारवर तो दिसल्यावर विमान तयार करूं लागावें तों तो विरलेला असतो. विमान सज्ज ठेवावयाचें तें मृगापासूनच, ढग भरून येत असतांना. मग त्या वाढीव पाण्यापैकीं कांहीं असोद्याच्या विहिरींत उतरेल. वारा फिरला तर शेजारच्या शिवारांत.