आठ किलो बीट आणि एक लाल गोळी

तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनसमोर ८.२ असा आकडा येतो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, कशा घ्यायच्या ते सांगतात, बाई मान डोलावते. मात्र घरी पोचेपर्यंत उपचार बदललेला असतो. सासूबाई बीट किसायला घेतात, माहेरून डाळिंबांची पिशवी येते, शेजारच्या काकू रात्री खजूर भिजत घालायला सांगतात. ‘रक्तवाढीच्या गोळ्यां’ची पट्टी फ्रिजवरच्या डब्यात जाऊन पडते, कारण गोळ्या ‘गरम’ पडतात आणि बीट ‘नैसर्गिक’ असतं. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं की आकडा ८.१ असतो आणि सगळं घर चकित होतं: एवढं बीट खाल्लं, तरी?

तरी नव्हे, म्हणूनच. तो महिना बिटावर काढला म्हणून.

स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात, डोहाळजेवणाच्या पंगतीत, आशाताईंच्या गृहभेटीत आणि सकाळच्या व्हॉट्सअॅप संदेशांत हा एकच सल्ला इतक्या वेळा ऐकू येतो, की त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडणं भाग आहे. हिशेब अवघड नाही, तिसरी-चौथीतलं त्रैराशिक आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांची पृथक्करण-कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यांत १०० ग्रॅम बिटात लोह आहे सुमारे ०.७६ मिलिग्रॅम. डाळिंबात त्याहून कमी, ०.३१. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे एका गोळीइतकं लोह बिटातून मिळवायचं तर रोज जवळपास आठ किलो बीट खावं लागेल. डाळिंबाचा हट्ट असेल तर एकोणीस किलो. गुळाची अवस्था जरा बरी, १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, पण तिथेही रोजचा सव्वा किलोहून जास्त गूळ होतो. तेवढा गूळ खाणारीच्या बाकीच्या तपासण्यांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

इथे कुणी म्हणेल, एकदम गोळीइतकं कशाला, थोडं थोडं करून भरेल की. नाही भरणार. पन्नास किलो वजनाच्या, गरोदर नसलेल्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. तिचं हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचं, तर सुमारे १४० ग्रॅम नवं हिमोग्लोबिन तयार व्हायला हवं. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे तूट झाली पावणेपाचशे मिलिग्रॅमची, आणि यात रिकामा झालेला साठा धरलेलाच नाही. आता दोनशे ग्रॅम बिटाचा रोजचा पेला घ्या. त्यात लोह दीड मिलिग्रॅम. वनस्पतीजन्य लोह आतड्यातून फार कमी शोषलं जातं. उदार मनाने दहा टक्के धरलं तरी रक्तात पोचतं ०.१५ मिलिग्रॅम. या वेगाने तूट भरायला पावणेनऊ वर्षं लागतील, तीही मधल्या काळात अंगातून लोहाचा कणही बाहेर पडत नाही असं गृहीत धरून. प्रत्यक्षात आतड्यांच्या आणि त्वचेच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह जातंच, आणि पाळीचं रक्त त्याखेरीज.

गरोदर बाईकडे पावणेनऊ वर्षं नसतात. तिच्याकडे नऊ महिने असतात, आणि गोळ्यांची आठवण व्हायची तेव्हा त्यांतले चार सरलेले असतात. एका गरोदरपणात एकूण सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. काही बाळाला आणि वारेला, बरंचसं आईच्या वाढणाऱ्या रक्ताला, उरलेलं रोजच्या झिजेला. यातली बहुतेक गरज दुसऱ्या अर्ध्या काळात येते, तेव्हा रोज सहा ते सात मिलिग्रॅम लोह रक्तात ‘शोषलं’ जायला हवं. चांगल्या आहारातूनही दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅमच शोषलं जातं. मधली दरी भाजीने भरत नाही, म्हणून गोळी. डॉक्टरांना बिटाचा राग आहे किंवा औषध कंपन्यांशी संधान आहे म्हणून नव्हे.

आणि ही तूट निव्वळ कागदावरची नसते. बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर ११ हिमोग्लोबिनची बाई जे सोसून जाते, ते ७ची बाई सोसू शकत नाही.

मग बीटच का? उत्तर लाजिरवाणं सोपं आहे: ते लाल आहे म्हणून. बोटं लाल, रस लाल, कोशिंबिरीचं दही गुलाबी. डाळिंबाच्या दाण्याचंही तेच. पण बिटाचा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा, डाळिंबाचा अँथोसायनिनचा. दोन्हींचा हिमोग्लोबिनशी काडीचा संबंध नाही. यातली गंमत अशी, की बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते, आणि हे लोहाची कमतरता असलेल्यांत जास्त दिसतं, असं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणजे जी खूण पाहून ‘बीट लागू पडलं’ असं घर समजतं, ती उलट गोळी सुरू करण्याची खूण असू शकते. रंगावरूनच ठरवायचं, तर किशोरवयीन मुलामुलींना शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी निळी असते. ती खाऊन कुणाचं रक्त निळं झाल्याचं ऐकिवात नाही.

‘आपल्या पूर्वजांनी कुठे गोळ्या खाल्ल्या?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पूर्वजांनी लोहच खाल्लं. चरकसंहितेत पांडुरोगावर नवायस चूर्ण सांगितलं आहे आणि त्यात मुख्य घटक लोह आहे. मंडूर भस्म, लोह भस्म हे वैद्यांचे जुने उपाय. फिकट पडलेल्या माणसाला लोखंडापासून केलेलं औषध द्यावं, हे इथल्या वैद्यकाला फार पूर्वी उमगलं होतं. (भस्मं घरच्या घरी, कुणाच्या सांगण्यावरून घ्यायची नाहीत, हे वेगळं.) आजीबाईच्या बटव्यात मानाने बसवलेलं बीट मात्र भूमध्य समुद्राकडून आलेलं पाहुणं आहे. त्याला मराठी नावसुद्धा नाही.

आहाराला काही किंमत नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ज्याचं हिमोग्लोबिन ठीक आहे, त्याचं ते तसंच टिकवण्याचं काम आहाराचंच. फक्त त्यासाठी निवड बिटापेक्षा शहाणी हवी. बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमहून जास्त लोह आहे, नाचणीत साडेचार. मेथी, राजगिऱ्याचा पाला या गरीब समजल्या जाणाऱ्या भाज्या बिटाला सहज मागे टाकतात. मटकीला मोड आणले, पीठ आंबवलं की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. वरून लिंबू पिळलं, तोंडी लावायला आवळा घेतला, तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. खाणाऱ्यांसाठी मटण, कलेजी, मासे आहेतच, त्यांतलं लोह वनस्पतीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. बाळंतिणीच्या लाडवातले अळीवही लोहाने समृद्ध, पण एका लाडवात अळीव जातात चमचाभर, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

प्रश्न किती मोठा आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीनुसार गरोदरपणात किमान १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या माता देशभरात २६ टक्के. सरकारने लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम सुरू केला १९७० साली. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ आलं २०१८ मध्ये. म्हणजे गोळी निदान पन्नास वर्षं गावात येते आहे, पोटात मात्र जात नाही. कधी पुरवठाच तुटतो, कधी मळमळीने बाई गोळी सोडते, आणि पुष्कळदा पुढचे समज आड येतात.

गोळीने बाळ काळं होतं. नाही. कातडीचा रंग मेलॅनिन ठरवतं आणि मेलॅनिनचं प्रमाण आईबापांकडून आलेली जनुकं. केशराच्या दुधाने जसं बाळ गोरं होत नाही, तसंच लोहाने काळं होत नाही. एकविसाव्या शतकात हे पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, आणि रंगाच्या भीतीपोटी बाळंतपण धोक्यात घातलं जातं, याचा वैताग कुठे मांडावा कळत नाही.

शौचाला काळं होतं, म्हणजे गोळी तशीच बाहेर पडली. न शोषलेल्या लोहामुळे रंग काळपट होतो, ते अपेक्षितच आहे. गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं, चिकट झालं, तर मात्र ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. तेव्हा डॉक्टर गाठायचे.

गोळी गरम पडते. मळमळ, तोंडाला धातूची चव, बद्धकोष्ठ हे त्रास खरे आहेत, पण त्यांचा उष्णतेशी संबंध नाही. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर शोषण थोडं कमी होतं, पण त्रासही कमी होतो, आणि पोटात गेलेली गोळी डब्यातल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. झुरिकमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आणखी एक गोष्ट दाखवली. लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांनी रोज गोळी घेतली तेव्हा सरासरी १६ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेतली तेव्हा जवळपास २२ टक्के. गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशी आतड्याचं दार थोडं लोटून घेतं. त्रास होत असेल तर एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं. गरोदरपणात मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करू नये.

चहाबरोबर घेतली तर बिघडलं कुठे? बरंच बिघडलं. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. कॅल्शियमचाही अडथळा होतो, म्हणून गरोदर बाईच्या दोन्ही गोळ्या एकत्र न घेता निदान दोन तासांच्या अंतराने घ्यायच्या.

महाग गोळी चांगली, सरकारी गोळी बेकार. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये ६० मिलिग्रॅम लोह, १८० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्येही तेवढंच. वेष्टनावरचा मोठा आकडा क्षाराचा असतो, लोहाचा नव्हे.

रिपोर्ट सुधारला की गोळ्या बंद. हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा नंतर. म्हणून आकडा पूर्ववत झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

लोखंडी कढई पुरेशी आहे. कढईतून लोह उतरतं, आमसूल-टोमॅटोसारखं आंबट असेल तर अधिक. इथिओपियातल्या मुलांवरच्या, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात त्याचा फायदाही दिसला. कढई वापराच, पण ८.२ वर एकटी कढई पुरी पडत नाही.

पालकाची लोहासाठीची ख्याती दशांश चिन्हाच्या चुकीमुळे झाली. ही गोष्ट गैरसमज खोडणारेच हौसेने सांगतात. १९८१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका लेखाने ती पसरवली. २०१० मध्ये माइक सटन यांनी माग काढला, तेव्हा तिला पुरावाच सापडला नाही.

पुरुषांना काय होतंय? वरच्याच पाहणीत महाराष्ट्रातले २१.९ टक्के पुरुष रक्तक्षयी निघाले. त्यांना पाळी नसते. म्हणून पुरुषाच्या अंगातलं लोह घटलं, तर मूळव्याध, अल्सर, क्वचित आतड्याचा कर्करोग, असं कुठून रक्त जातंय ते शोधावं लागतं. नुसती गोळी देऊन घरी पाठवणं चूक.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, हेही गृहीत धरता येत नाही. हा धडा मुंबईतच मिळाला होता. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. त्यांतल्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, उतार पडतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे तो फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आजच्या लाल गोळीत लोहाशेजारी ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, त्याची सुरुवात ही अशी आहे. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासांनी बी-१२ची कमतरता इथे किती पसरलेली आहे ते दाखवलं. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, सिंधी-लोहाणा समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण अधिक आहे. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या अंगात तर लोह आधीच जास्त साठतं.

म्हणून महिन्याने पुन्हा तपासणी करायची. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन निदान एका ग्रॅमने वाढलं नसेल, तर पुढच्या तपासण्या हव्यात: बी-१२, थॅलेसेमिया, सिकलसेल, जंत. आणि तपासणीला जाताना किती गोळ्या खरोखर घेतल्या ते खरं सांगायचं. आठच घेतल्या असतील तर आठ.

राहिला फ्रिजवरचा तो डबा. घरात रांगणारं, चढणारं मूल असेल तर गोळ्या तिथेही नकोत. साखरेचं रंगीत आवरण असलेली लोहाची गोळी लहान मुलाला गोळी-चॉकलेटच वाटते, आणि मूठभर गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर मूल काही तास बरं झाल्यासारखं दिसतं आणि मग एकदम ढासळतं. अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी करवायची नाही, वाट पाहायची नाही. उरलेली पट्टी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठायचं. किती गोळ्या पोटात गेल्या, ते त्या पट्टीवरूनच मोजता येतं.