वैदिक गणिताच्या ट्रिक्सनी कॉम्प्युटर फास्ट होईल का?

माझा मावसभाऊ ईएनटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्याचा फोन आला, ‘दादा, आमच्या ग्रुपने प्रोजेक्टला वैदिक मल्टिप्लायर घेतलाय. खरंच फास्ट असतो ना रे?’ मी जरा गप्पच झालो, कारण आम्हीही हाच प्रोजेक्ट केला होता.

आधी एक ट्रिक बघू. 98 गुणिले 97. शंभराला 2 आणि 3 कमी. 98 मधून 3 गेले, 95. बे त्रिक सहा. उत्तर 9506. भारी ना? पण ही सोय आपल्या डोक्यासाठी आहे. आजचा प्रोसेसर 64 बिटचा कुठलाही गुणाकार साधारण 3-4 क्लॉक सायकलमध्ये, म्हणजे नॅनोसेकंदाच्या आसपास संपवतो. आकडा शंभराजवळ आहे का, हे तपासत बसला तर त्यातच वेळ जाईल.

प्रोजेक्टवाले घेतात ती ‘ऊर्ध्व-तिर्यक’ पद्धत, भारती कृष्ण तीर्थांच्या 1965 साली छापलेल्या पुस्तकातली. 23 गुणिले 14 करू. एकक 3×4 = 12. तिरपे 2×4 + 3×1 = 11. दशक 2×1 = 2. मिळून 200 + 110 + 12 = 322. आता मोजा, छोटे गुणाकार झाले चार. शाळेतल्या पद्धतीतही चारच होतात! शिवाय चिपमध्ये हे चार म्हणजे नुसती अँड गेट्स, सगळी एकदम चालतात. वेळ खातो तो हातचा. त्यावर ख्रिस वॉलेस यांनी 1964 मध्येच बेरजेची झाडासारखी रचना सुचवली होती.

म्हणजे ट्रिक्स बिनकामाच्या? अजिबात नाही. 99 ने गुणताना आपण शंभरपट करून एकदा वजा करतो ना, तीच कल्पना लंडनच्या अँड्र्यू बूथ यांनी 1950 च्या सुमारास बायनरीत आणली: 1111 म्हणजे 10000 वजा 1. तिची सुधारित आवृत्ती आजही मल्टिप्लायरमध्ये वापरतात.

आणि माझी लाडकी ट्रिक 1960 ची, मॉस्कोच्या 23 वर्षांच्या कारात्सुबाची. तेच 23 गुणिले 14. 2×1 = 2, 3×4 = 12, आणि (2+3)×(1+4) = 25. पंचवीसमधून 2 आणि 12 वजा केले की तिरपे 11 आपोआप मिळाले. चाराऐवजी तीनच गुणाकार! दोन अंकांत फरक कळत नाही, पण हजारो अंकी संख्यांना पायथॉन आतून हीच पद्धत लावतं.

मग आमच्या रिपोर्टमधलं ‘फास्ट’ कशापेक्षा होतं? सगळ्यात साध्या अ‍ॅरे मल्टिप्लायरपेक्षा. व्हेरिलॉगमध्ये नुसतं स्टार चिन्ह लिहिलं असतं, तर टूलने एफपीजीएमधला तयार डीएसपी ब्लॉक वापरला असता. त्याच्याशी तुलना आम्ही केलीच नाही. मार्क मात्र मस्त पडले.

भावाला म्हटलं, प्रोजेक्ट बदलू नकोस, तक्त्यात स्टारवाला एक रकाना वाढव. आधी कुरकुरला, गाइड काय म्हणतील म्हणून. रविवारी आकडे पाठवतोय.