एकोणपन्नास आणि पन्नास

संपादकांनी मला मुंबईतल्या घोडपदेवला धाडलं ते मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांवर लिहायला. परत आलो ते बेस गिटारच्या पोटातला तांब्याचा गुंता डोक्यात घेऊन. गणपतीला महिना उरला की इथल्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर जे जे सापडतं, त्याला माझा इलाज नव्हता. बेंजो होते, ऑक्टोपॅडच्या वायरी होत्या, दोन मिक्सर होते. एक साउंडवाल्याचा, दुसरा शेजारच्या वहिनींचा, चटणी वाटताना बंद पडलेला.

दुकान मुळात मोटर रिवाइंडिंगचं. मालकांना सगळे नुसतं काका म्हणतात. पंख्याची जळलेली कॉइल सोडवून नवी भरायची, हा हाताला बसलेला धंदा. त्यातूनच ते पिकअपकडे वळले, कारण पिकअप म्हणजेही कॉइलच. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर स्टीलची तार थरथरते, चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलासा वीजप्रवाह उठतो. बेंजोतही हीच युक्ती, फक्त तिथे बटणं दाबून सूर काढतात. फरक आहे तो तारेच्या जाडीचा. पिकअपची तार साधारण सहा शतांश मिलिमीटरची, केसाच्या जवळपास. काका चष्म्यावर आणखी एक भिंग चढवून ती गुंडाळतात, आणि तेवढा वेळ दुकानातला पंखा बंद.

बेस गिटारचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. 1951 मध्ये त्याने प्रिसिजन बेस काढला, 1960 मध्ये जॅझ बेस. मुंबईच्या सिनेसंगीतात आणि ऑर्केस्ट्रात हे वाद्य मुरलं. मला मात्र अडकवलं ते 1957 च्या एका बदलाने. त्या साली प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत कापला गेला. एका तुकड्याचे वेढे उलटे, चुंबकही उलटा. तारेचा आवाज दोन्हीकडून एकाच दिशेने येतो आणि बेरजेत वाढतो. बाहेरून येणारी घरघर दोन्हीकडे विरुद्ध दिशेची, म्हणून ती आपसात खोडली जाते.

ही घरघर म्हणजे मेन्स लाइनचा 50 हर्ट्झ. आता मजा बघा. बेसच्या जाडातल्या जाड तारेचा, म्हणजे ईचा, सूर 41 हर्ट्झच्या आसपास. तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं की जी लागतो, 49 चा. म्हणजे आपल्या देशात घरघर जवळजवळ जीवरच ठाण मांडून बसते. दोघांत एका हर्ट्झचा फरक, म्हणून सूर दर सेकंदाला हेलकावे खातो. अमेरिकेत लाइन 60 ची, तिथे हाच त्रास बीच्या शेजारी, पण थोडा सैल. आपल्याकडे टोनचं बटण फिरवून घरघर काढायची सोय नाही. ती काढायला गेलात तर बेसच निघून जातो.

"लोक येतात आणि म्हणतात, काका, आवाज मोठा करून द्या," ते म्हणाले. "मी सांगतो, आधी शांतता करून देतो. मोठा काय, स्पीकरही करतो."

टेबलावरच्या बेसचा मालक ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक तरुण. जॅझच्या धर्तीचा स्वस्त बेस, आणि बरोबर नव्या पिकअपची जोडी नि प्रीअँप. जॅझचे दोन्ही पिकअप एकसारखे दिसतात, पण नसतात. पुलाकडचा, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या बाजूचा, दोन-अडीच मिलिमीटरने लांब असतो. अदलाबदल केली की खाचेत बसत नाही, आणि मग पटाशी घेऊन लाकूड तासणारे वीर निघतात. काकांनी आधी मल्टिमीटर लावला. सात-आठ किलो-ओहम दाखवलं तर कॉइल जिवंत, अनंत दाखवलं तर वेढा कुठेतरी तुटलेला. मग आतली खाच तांब्याच्या पट्टीने मढवली आणि तिची अर्थ-वायर पुलाला जोडली. वादकाचा हात तारांवर पडला की घरघर उतरते ती त्यामुळेच. 250 किलो-ओहमची तीन पॉट, टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. हा माल लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पण पॉटचा दांडा इंचाच्या मापाचा आणि लाकडातलं भोक मिलिमीटरचं, म्हणून कानस हवीच.

प्रीअँपची एक अडचण अगदी घरगुती आहे. त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि ती सुरू होते केबलची पिन खोचल्यावर. जॅकमध्ये एक जादा संपर्क असतो, तोच स्विच. पिन तशीच ठेवून वाजवणारा जेवायला गेला की बॅटरी खर्चत राहते, आणि कार्यक्रमाच्या मधोमध बेस खोकायला लागतो. "पिन काढ रे," हे वाक्य काका दिवसातून किती वेळा म्हणत असतील! प्रीअँपचा फायदाही खरा आहे. लांब केबलमध्ये आवाजाची धार मरते ती मरत नाही, आणि मिरवणुकीच्या ट्रकवर केबल लांबच असते.

पण ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती गिटारच्या बाहेर आहे. पिकअप बदलला, पट्टी चिकटवली, जॅक बसला, तरी मंडपात घरघर. जनरेटरला अर्थिंग नाही, साउंडवाल्याच्या तीन पिनांच्या प्लगची वरची पिन मोडलेली, लाइट एका फेजवर आणि अँप्लिफायर दुसऱ्या. वादकाचे हात तारांवर, म्हणजे अँपच्या अर्थवर. ओठ माइकला लागले की दुसऱ्या अर्थवर. दोघांत फरक असला की झटका. हा झटका थट्टेवारी नेण्याचा नव्हे. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत लेस्ली हार्वी हा गिटारवादक स्टेजवरच असा गेला. काकांचा उपाय साधा आहे, वायरलेस ट्रान्समीटर लावा म्हणजे अंगातून वाट राहत नाही. तो परवडला नाही तर आधी मंडपातल्या प्रत्येक सॉकेटची अर्थ तपासा. पण गिटारच्या दुरुस्तीचे पैसे देणारा मुलगा मंडळाच्या वायरमनला काय सांगणार? त्याच्या म्हणण्याला तिथे वजन किती?

काकांनी शेवटी ट्यूबलाइट बंद केली, बेस गळ्यात घातला आणि दुकानाच्या मधोमध उभे राहिले. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे, तेव्हा शांत. पुढचा एकटा सोडला की घरघर परत. जॅझमध्ये दोन्ही कॉइल एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे एक बंद केला की खोडायला दुसरा उरत नाही. मग ते जागच्या जागी वळू लागले, ईशान्येकडे, पूर्वेकडे, दाराकडे. दाराकडे पाठ केली तेव्हा आवाज जवळजवळ गेला.

तरुण कान देऊन ऐकत होता. "काका, पण पब्लिक तर इकडे असणार," तो म्हणाला, आणि दाराकडे हात केला.