कनवटीचा पैसा
जॅझ म्हणजे हॉटेलातलं नाचगाणं, एवढंच मला ठाऊक होतं. पण बिली हॉलिडेच्या 'गॉड ब्लेस द चाइल्ड'चा अर्थ कळला आणि हातातली कणीक तशीच राहिली!

१९४१ साली ध्वनिमुद्रित झालेलं हे गाणं बिलीनं आर्थर हर्झॉगबरोबर लिहिलं. १९५६च्या आत्मचरित्रात ती सांगते, आईच्या खानावळीत तिनं आपली कमाई घातली होती. एकदा नड आली म्हणून आईकडे पैसे मागितले, तर आईनं चक्क नाही म्हटलं. त्या भांडणातून हे गाणं सुचलं.

गाण्यात बायबलचा हवाला आहे. आहे त्यालाच आणखी मिळतं, नाही त्याचं उरलंसुरलंही जातं. नातेवाईक भाकरतुकडा देतील, पण हात राखून. मग देवाचा आशीर्वाद कुणाला? ज्याच्यापाशी स्वतःचं काही आहे, त्याला! देव गरिबाचा वाली, असं आपण म्हणतो ना? मला तर हा आशीर्वाद कमी आणि टोमणाच जास्त वाटतो.

माझी आजी कनवटीला पैसे खोचून ठेवायची. इंग्रजी न येताही तिला हे गाणं कळलं असतं.

बिलीच्या आईची बाजू मात्र गाण्यात नाही. त्या दिवशी तिच्या गल्ल्यात होते तरी किती?