न्देबेले स्त्रियांच्या रंगीत भिंती

दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथील राष्ट्रीय कलादालनात २०२४ साली एस्थर माह्लांगू या न्देबेले चित्रकर्त्रीच्या आजवरच्या कार्याचे प्रदर्शन भरले. ‘तेव्हा मला कळले की, मी चांगले रंगवते’ अशा अर्थाचे नाव त्यास देण्यात आले होते. या नावामागे बालपणीची एक हकीकत आहे. १९३५ साली मिडलबर्गनजीक जन्मलेली ही मुलगी दहा वर्षांची असता आई आणि आजी घराच्या भिंती रंगवीत. त्या विसाव्यास गेल्या की ही कुंचला हाती घेई. रेघा वाकड्या येत, म्हणून तिला मागील भिंतीवर गिरवावयास धाडण्यात आले. हळूहळू हात वळला आणि एके दिवशी दर्शनी भिंतीचे बोलावणे आले. कोणत्याही कलाशाळेच्या प्रशस्तिपत्राहून ते मोठे होते.

ही भिंत मूळची मातीची व शेणाची. ओल्या लेपावर बोटांनी नक्षी ओढावयाची आणि चुना, काव, काजळी यांनी ती सजवावयाची, ही जुनी रीत. काम सर्वस्वी स्त्रियांचे. मुलांच्या दीक्षाविधीचा काळ आला की घरे नव्याने रंगविली जात. पावसाने चित्र धुऊन जाई, ते पुन्हा काढावे लागे. आईचा हात मुलीच्या हाती उतरे तो असा.

जाड काळ्या रेघांत बसविलेले निळे, पिवळे, हिरवे रंग पाहून हा वारसा अतिप्राचीन असावा, असा पाहणाऱ्याचा समज होतो. तो खरा नव्हे. हे झगझगीत रूप विसाव्या शतकातले, कारखान्यातील रंग हाती आल्यानंतरचे. त्याच्या मुळाशी मात्र १८८३ सालची एक जखम आहे. त्या वर्षी ट्रान्सवालच्या बोअर सरकारने न्देबेले राजा न्याबेला यास कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर शरण आणले, जमिनी जप्त केल्या आणि लोकांना पाच वर्षांच्या सक्तमजुरीवर बोअर शेतकऱ्यांकडे वाटून दिले. कुटुंबे पांगली. परक्याच्या शेतावर, केव्हाही सोडावी लागेल अशा घरात राहणाऱ्या बाईस आपले म्हणावयास भिंत तेवढी उरली. आपण कोण, हे तिने तीवर लिहून ठेवले. पुढे १९५० नंतरच्या दशकात वर्णभेदी सरकारने प्रिटोरियाजवळची अशीच एक रंगीत वस्ती प्रवाशांपुढे प्रेक्षणीय स्थळ म्हणून मांडली. ज्यांची भूमी गेली त्यांच्या भिंतींचे कौतुक व्हावे, हा मोठाच उपरोध!

माह्लांगू स्वतः बोत्शाबेलो येथील अशाच एका खुल्या संग्रहालयात राहून रंगवीत होत्या. तेथील काम पाहून १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनाचे आमंत्रण आले आणि त्यांनी तेथे आपल्या घराची प्रतिकृती रंगविली. मध्य प्रदेशातील गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम व मिथिलेच्या बउआ देवी यांची चित्रेही त्याच प्रदर्शनात होती. १९९१ साली त्यांनी एक बीएमडब्ल्यू मोटार रंगविली. ती केप टाऊनलाही मांडण्यात आली होती. मोटारीचे कौतुक जगाने जरा अधिकच केले.

भिंतीवरून कॅनव्हासवर आलेल्या चित्रास अंगण नाही, शेजारीण नाही, पाऊसही नाही. याची जाणीव असल्यामुळेच की काय, म्पुमलांगा प्रांतातील आपल्या घरी त्यांनी परिसरातील मुलांना शिकविण्यास आरंभ केला. रंग कालविण्यापासून धडा सुरू होतो. फूटपट्टी घ्यावयाची नाही, आधी पेन्सिलीने आखावयाचे नाही. सरळ रेघ कोंबडीच्या पिसानेच ओढावयाची.