पंच्याहत्तरीच्या गटातील खेळाडू

आपल्या सोलापुरात कितीतरी घरांच्या माळ्यावर एखादी जुनी रॅकेट पडून असते. तिच्या तारा सैल झालेल्या असतात, मुठीवरची पट्टी सुटलेली असते. तरी ती मोडीत काढायला कुणाचे मन धजत नाही. निवृत्तीनंतर एखाद्या सकाळी आजोबा ती खाली काढतात आणि घरात दोन स्वर उमटतात. ‘आता या वयात?’ हा एक आणि ‘मला अजून जमते’ हा दुसरा. पहिल्या स्वरामागे माया असते, दुसऱ्यामागे स्वाभिमान. दोन्ही आपापल्या जागी रास्त आहेत. त्यांचा मेळ घालायचा असेल, तर एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास आपल्या उपयोगी पडेल.

पुण्याच्या छावणीपासून

बॅडमिंटन आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. त्याचे आजचे नाव इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून पडले. १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

पुढचा काही इतिहास तुमच्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांतून वाचला असेल, आकाशवाणीवर ऐकला असेल. १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण आणि २००१ मध्ये पुल्लेला गोपीचंद ऑल इंग्लंडचे विजेते ठरले. २०२२ मध्ये बँकॉकला भारताने इंडोनेशियाला ३-० असे हरवून थॉमस चषक प्रथमच जिंकला. त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता.

वयाचा गट

या साऱ्या कथा तरुणांच्या आहेत. आपल्याला हवी असलेली कथा २००३ मध्ये बल्गेरियाच्या सोफिया शहरात सुरू झाली. त्या वर्षी ज्येष्ठांची जागतिक बॅडमिंटन स्पर्धा पहिल्यांदा भरली. पुढच्याच वर्षी ती क्वालालंपूरला झाली, २००७ मध्ये तैपेईला आणि नंतर साधारणपणे दर दोन वर्षांनी निरनिराळ्या देशांत भरत राहिली. २०१७ मध्ये तिचे यजमानपद केरळमधील कोचीकडे आले. २०१९ मध्ये ती पोलंडच्या कातोवित्से शहरात, २०२१ मध्ये स्पेनच्या वेल्वा येथे आणि २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील जोन्जू येथे झाली.

या स्पर्धेचे वैशिष्ट्य तिच्या रचनेत आहे. पस्तिशीच्या पुढे पाच-पाच वर्षांचे गट केलेले असतात आणि ते पंच्याहत्तरीपर्यंत पोहोचतात. सत्तरीच्या खेळाडूने चाळिशीच्या खेळाडूशी झुंजावे, अशी अपेक्षा तेथे कुणी करत नाही. वय झाले म्हणून त्याला मैदानाबाहेरही बसवत नाहीत. त्याचा गट बदलतो, खेळ चालू राहतो.

घरातला वादही याच वाटेने सुटू शकेल. आजोबांनी स्वतःच्या तिशीशी स्पर्धा करू नये आणि मुला-सुनांनी त्यांना खेळातूनच बाद करू नये.

खेळाचा लाभ कितपत?

डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात साडेआठ हजारांहून अधिक प्रौढांचा सुमारे २५ वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीही व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे आयुर्मान सरासरी ६.२ वर्षांनी अधिक आढळले. टेनिस खेळणाऱ्यांचे ९.७ वर्षांनी, तर संथ धावणाऱ्यांचे ३.२ वर्षांनी.

हे आकडे वाचून लगेच रॅकेट उचलू नका. खेळल्यामुळेच आयुष्य वाढले, असे हा अभ्यास सिद्ध करत नाही. जे खेळतात ते मुळातच अधिक निरोगी किंवा सुस्थितीतले असू शकतात. मात्र संशोधकांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे: ज्या खेळांना सोबती लागतो, त्यांचा लाभ अधिक दिसला. एकटेपणा सोसणाऱ्या ज्येष्ठांसाठी हे महत्त्वाचे आहे. समोर कुणीतरी वाट पाहत असेल, तर पहाटे अंथरूण सोडणे सोपे जाते.

रॅकेट उचलण्यापूर्वी

पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बॅडमिंटन ही या व्यायामाची पहिली पायरी नव्हे. अनेक वर्षे बैठे जीवन गेले असेल, तर आधी सहा-आठ आठवडे रोज चालावे, भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करावा. ज्यांचे आयुष्य यंत्रमागापुढे उभे राहण्यात गेले त्यांचे गुडघे आणि ज्या भगिनींनी तासन्‌तास मान खाली घालून विड्या वळल्या त्यांचे खांदे आधी मोकळे व्हायला हवेत.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, वारंवार येणारी चक्कर, ठिसूळ हाडे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नये. त्यांची अनुमती मिळाल्यावर पुढील पथ्ये पाळावीत.

- एकेरी टाळून दुहेरी खेळावे. मैदान दोघांत वाटले जाते आणि धावपळ कमी होते.
- डोक्यावरून मागे गेलेले फूल सोडून द्यावे. उलट्या पावलांनी धावताना पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. गुण गेला तरी चालेल, खुबा शाबूत राहिला पाहिजे.
- खेळाआधी दहा मिनिटे चालून शरीर गरम करावे. थंड स्नायूंवर एकदम ताण आला, तर टाचेमागची शीर तुटू शकते.
- फरशीवर, ओल्या गच्चीवर किंवा चपला घालून खेळू नये. तळवा न घसरणारे बूट हवेत.
- दूरचे आणि जवळचे एकत्र असलेल्या चष्म्यातून पायाखालच्या जमिनीचा अंदाज चुकतो. नेत्रतज्ज्ञांना तसे सांगून खेळासाठी वेगळा चष्मा घ्यावा.
- आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत सूर्य वर येण्याआधी खेळ आटोपावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी ते डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

आईवडिलांना खेळू देणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. पहिले काही दिवस सोबत जा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांना उपाशीपोटी खेळू देऊ नका. खिशात खडीसाखर नव्हे, तर चटकन विरघळणारी ग्लुकोजची पूड असू द्या. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम, एकाएकी दम लागणे यांपैकी काहीही दिसले, तर खेळ तिथेच थांबवा, बसते करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मधुमेही व्यक्तीला छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे विसरू नका.

आणि ज्यांना उभे राहणेच शक्य नाही, त्यांचे काय? त्यांचाही एक गट करता येतो. भक्कम, हाताच्या खुर्चीत त्यांना बसवा, हातात हलकी रॅकेट द्या आणि समोर बसून एक फुगा हळूच त्यांच्याकडे टोलवा. फुगा सावकाश येतो, त्यामुळे डोळ्यांना आणि हातांना वेळ मिळतो. खांदे हलतात, नजर वर जाते. दहा मिनिटे पुरेत. नातवंडे घरात असतील, तर त्यांना गुण मोजायला बसवा.

तेव्हा माळ्यावरची रॅकेट खाली काढाच. तिला नव्या तारा बसवून घ्या, मुठीवर नवी पट्टी गुंडाळा. ती मैदानावर जाईल की खुर्चीशेजारी राहील, हे डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा. मग घरात ‘आता या वयात?’ असे कुणी विचारलेच, तर आपला गट कोणता ते सांगा आणि समोरच्या बाजूला उभे राहण्याचे त्यांनाच निमंत्रण द्या.