अल्कोहोलने पुसताय? आधी खाली काय आहे ते बघा

लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात ७० टक्के इथेनॉलची स्प्रे बाटली येईल. मलाही तेव्हा वाटलं होतं, शुद्ध अल्कोहोल वापरलं तर जास्त जंतू मरतील ना? तर नाही. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवतं आणि त्या कामाला पाणी लागतं. शिवाय शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं. म्हणून फवारल्यावर लगेच पुसू नका, अर्धा मिनिट तरी ओलं राहू द्या. जिवाणूंचे बीजाणू मात्र यानेही मरत नाहीत.

आता पृष्ठभागाकडे येऊ. काच, स्टील बिनधास्त पुसा. व्हाइटबोर्डवर चुकून पर्मनंट मार्करने लिहिलंत? निघेल, कारण ती शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पण लाखही विरघळते! त्यामुळे घरातल्या लाखेचं पॉलिश केलेल्या कपाटावर हा प्रयोग नको.

अ‍ॅक्रिलिकचा धडा मी स्वतः घेतला. जेल टँक चमकावा म्हणून इथेनॉलने पुसत राहिले. काही दिवसांनी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. अ‍ॅक्रिलिकमध्ये आधीच ताण असतो. अल्कोहोल लागलं की तिथेच ते तडकतं. वीज वाहणाऱ्या टँकमधून बफर गळणं धोक्याचं, म्हणून टँक बाद करावा लागला.

तेव्हा बाटली उचलण्याआधी दोन प्रश्न विचारा: मला काय काढायचंय? आणि ते कशावर आहे? आणि हो, जवळ बर्नर किंवा गॅस पेटलेला असेल, तर बाटलीला हातच लावू नका.